मान मिळतो, पण मतं कोण मोजतं?

जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यात दोन याद्या जाहीर होतात. एक आपल्या ओळखीची. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी पद्म पुरस्कार जाहीर झाले की आखातातला मराठी माणूस आधी आपल्या जिल्ह्याचं कोण आहे ते बघतो आणि मग फॅमिली ग्रुपवर बातमी टाकतो. दुसरी यादी त्याच सुमारास अमेरिकेत लागते. निवृत्त बेसबॉलपटूंपैकी यंदा ‘हॉल ऑफ फेम’मध्ये कोण जाणार, याची. तिच्याकडे आपलं लक्ष जायचं एरवी काही कारण नव्हतं. पण आता दुबईत ‘बेसबॉल युनायटेड’ नावाची लीग आली आहे आणि तिच्यात चक्क ‘मुंबई कोब्राज’ नावाचा संघ आहे. आमच्या रास अल खैमाहून गाडीनं जेमतेम तास-सव्वा तासावर. त्या लीगमागच्या मंडळींत बॅरी लार्किन आणि मारियानो रिव्हेरा आहेत, आणि दोघांच्याही नावाआधी ‘हॉल ऑफ फेमर’ लागतं. हा मान देतं तरी कोण, सरकार का, असं कामावरच्या एका पोरानं विचारलं म्हणून मी वाचायला बसलो. वाचून झाल्यावर बेसबॉलपेक्षा आपल्याच खेळाडूंचा विचार जास्त आला.

तर पद्धत अशी. सरकारचा काही संबंध नाही. मत देतात बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार, आणि तेही त्यांच्या संघटनेत दहा वर्षं काढलेले. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला असावा लागतो आणि निवृत्त होऊन पाच वर्षं उलटलेली असावी लागतात. टाळ्यांचा आवाज विरला की मगच मोजमाप! एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करता येते. शंभरातल्या पंचाहत्तर जणांनी खूण केली तर तुम्ही आत. पाच टक्केही मिळाली नाहीत तर नाव यादीतून बाद. मधल्यांचं नाव पुढच्या वर्षी पुन्हा मतदानाला येतं, असं दहा वर्षांपर्यंत. आणि दरवर्षी कोणाला किती मतं पडली, ते सगळं छापून येतं.

या शेवटच्या वाक्यात खरी गंमत आहे. बिली वॅग्नर नावाच्या गोलंदाजाला 2016 साली पहिल्या खेपेला साडेदहा टक्के मतं पडली. पुढच्या वर्षांत आकडा हळूहळू चढत गेला. 2024 मध्ये तो फक्त पाच मतांनी हुकला आणि 2025 मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीला, साडेब्याऐंशी टक्क्यांनी आत गेला. लार्किनला तिसऱ्या वर्षी यश आलं. रिव्हेराला 2019 मध्ये 425 पैकी 425 मतं पडली. असं एकमत आजवर दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेलं नाही. 1936 च्या पहिल्या निवडणुकीत खुद्द बेब रूथलाही 226 पैकी 11 जणांनी मत दिलं नव्हतं. उलट, सर्वाधिक 762 होमरन मारणारा बॅरी बाँड्स उत्तेजकांच्या संशयापायी दहाही वर्षं पंचाहत्तरच्या अलीकडेच राहिला, कारण मत देताना चारित्र्य आणि खिलाडूवृत्तीही पाहा असं नियमातच लिहिलं आहे.

ही पद्धत धुतल्या तांदळासारखी आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. वेगळ्या लीगमध्ये खेळावं लागलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथं त्या कामगिरीसाठी जागा मिळायला 1971 उजाडलं, आणि तेही पत्रकारांच्या मतांनी नव्हे, खास समिती नेमून. पत्रकारांचे लोभ-राग असतातच. पण चूक झाली तर ती आकड्यासकट सगळ्यांसमोर असते. म्हणून तिच्यावर भांडता येतं आणि कधीतरी ती सुधारताही येते.

आता आपल्याकडे बघू. क्रिकेटचा हॉल ऑफ फेम आयसीसीनं 2009 मध्ये सुरू केला, आणि आयसीसीचं मुख्यालय इथंच दुबईत आहे. सुनील गावसकर पहिल्याच वर्षी, सचिन 2019 मध्ये. पुण्यात जन्मलेली, तान्हेपणी दत्तक जाऊन पुढे ऑस्ट्रेलियाची कर्णधार झालेली लिसा स्थळेकर 2020 मध्ये. मुंबईच्या डायना एडलजी 2023 मध्ये. इथंही पाच वर्षं थांबण्याचा नियम आहे, मतदानही आहे. पण कोण किती मतांनी आला आणि कोण किती मतांनी राहिला, ते जाहीर होत नाही.

सरकारी सन्मानांत तर थांबण्याचा नियमही नाही. सचिनची शेवटची कसोटी संपली त्याच दिवशी, 16 नोव्हेंबर 2013 ला, त्याला भारतरत्न जाहीर झालं. त्याच्या योग्यतेबद्दल कोणाचं दुमत असणार? पण ज्याच्या निवृत्तीला अख्खा देश रडतो त्याला कुठल्याच पद्धतीची गरज नसते. पद्धत लागते ती ज्याच्या निवृत्तीची बातमीही झाली नाही, त्याच्यासाठी.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवा. 1952 मध्ये हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अर्जुन पुरस्कार 1961 मध्ये सुरू झाला. खाशाबा 1984 मध्ये अपघातात गेले. मधली तेवीस वर्षं पुरस्कार होता, खाशाबाही होते, पण दोघांची गाठ पडली नाही. अर्जुन मिळाला तो मरणोत्तर. पद्म हयातीत मिळालाच नाही, आणि मरणोत्तर पद्म अपवाद म्हणूनच देतात. मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये हायडेलबर्गला पॅरालिंपिकचं सुवर्ण जिंकलं. त्यांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. सेहेचाळीस वर्षांनी! नशीब, ते स्वतःच्या हातांनी स्वीकारायला होते.

वॅग्नरही थांबला, पेटकरही थांबले. फरक एवढाच की वॅग्नरला दरवर्षी कळत होतं आपण किती पाण्यात आहोत. आपल्याकडे पंतप्रधानांनी नेमलेली समिती बसते, शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जातात, आणि बाहेर येते ती निवडलेल्यांची यादी. न निवडलेल्यांचं काय झालं, हे बाहेर येत नाही. म्हातारा पैलवान काय समजणार? विचार झाला आणि राहिलं, की कोणी नावच घेतलं नाही?

यावर आपण इथून काय करणार, असं म्हणाल. तर पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक ऑनलाइन शिफारस करू शकतो. त्यासाठी आमदार-खासदाराची ओळख लागत नाही. खेळाडूनं काय केलं ते नीट लिहावं लागतं, एवढंच. आखातातली आपली मंडळं गणपतीला, महाराष्ट्र दिनाला पाहुणे बोलावतात, शाल-श्रीफळ देतात. चांगलंच आहे. त्याच्या जोडीला प्रत्येक मंडळानं वर्षाला एक तरी निवृत्त खेळाडू निवडावा. कबड्डीतला, खो-खोतला, कुस्तीतला, जो निवृत्त होऊन पाच वर्षं झाली आणि ज्याला गावाबाहेर कोणी ओळखत नाही. नावं सुचवा, सभासदांची मतं घ्या, आकडे फलकावर लावा. जो हरेल त्याचं नाव पुढच्या वर्षी पुन्हा ठेवा. आणि निवडलेल्या नावाची रीतसर शिफारस दिल्लीला पाठवा.

सरकारकडे मात्र मागणी एकच असावी. शिफारस आलेल्या खेळाडूंची नावं जाहीर करा आणि राहिलेल्यांचा पुढच्या वर्षी आपोआप विचार करा. राज्याच्या शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारांपासून सुरुवात झाली तरी पुष्कळ. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या पदकांच्या झेरॉक्स काढून अर्ज करायला लावणं बरं दिसत नाही. त्याचं खेळून झालंय. आता धावपळ आपण करायची आहे.