संगणक आला, पद्धत आली का?

आपल्या संघटनेची मासिक बैठक संपून चहाचे कप हाती आले की हल्ली एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘दवाखान्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?’ हा प्रश्न मीही विचारला होता. तो सर्वात आधी विचारल्याची किंमतही मोजली आहे. म्हणून संपादक मंडळाने या विषयावर लिहिण्यास सांगितले तेव्हा उपदेश करण्यापेक्षा स्वतःची चूक सांगावी, असे ठरवले.

माझ्या छोट्या रुग्णालयात 2019 साली संगणक आला. विक्रेत्याच्या माणसाने दोन दिवस प्रशिक्षण दिले, पेढे वाटले गेले. त्यानंतर सुमारे वर्षभर प्रत्यक्षात जे चालले, त्याला मी आज ‘दुहेरी वही’ म्हणतो. मी पूर्वीप्रमाणेच केसपेपरवर लिहीत असे. सायंकाळी स्वागतकक्षातील मुलगा ते सारे केसपेपर समोर ठेवून संगणकात उतरवत असे. माझे अक्षर त्याला लागत नसे. जे लागे ते तो लिही, उरलेले सोडून देई. मी संगणकात कधी डोकावत नसे, कारण तेथे जे होते ते माझ्या समोरच्या कागदावर आधीच होते. काम वाढले होते आणि त्याचा उपयोग कोणालाच नव्हता. बिले मात्र सुबक छापून येत, तेवढ्यावरून आम्ही ‘डिजिटल’ झालो असे मी समजत होतो.

डोळे उघडले ते एका पावसाळी रात्री. उटनूरकडील एका गोंड वस्तीतून बारा-तेरा वर्षांच्या मुलीला पोटदुखीसाठी आणले होते. ताप होता, पोटाला हात लावू देत नव्हती, पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. ॲपेंडिक्सचा संशय घेऊन शल्यचिकित्सक मित्राला बोलावण्याच्या बेतात मी होतो. संगणकात नाव शोधले. ‘नोंद नाही’ असे उत्तर आले. तेवढ्यात आमच्या ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, “साहेब, ही पोर मागच्या वर्षी हातापायाच्या दुखण्याने आली होती. हिच्या बापाने रक्ततपासणीचा कागद दाखवला होता.” जुना गठ्ठा उपसला. केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिले होते : सिकल सेल, एसएस. सिकल सेलच्या वेदनाझटक्यात पोट असे दुखू शकते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. अशा रुग्णाला पूर्वतयारीवाचून भूल देणे किती धोक्याचे, हेही ठाऊक आहे. द्रव आणि वेदनाशामक देऊन, पोटावर वारंवार लक्ष ठेवून रात्र काढली. तिसऱ्या दिवशी मुलगी घरी गेली. तिला वाचवले ते सिस्टरांच्या स्मरणाने. त्या रात्री त्या सुटीवर असत्या तर काय झाले असते, हा विचार आजही मला स्वस्थ बसू देत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही संगणकात पुन्हा शोध घेतला, तेव्हा ती मुलगी सापडली. नोंद होती, पण निराळ्या नावाने. येथेच आपल्या जिल्ह्याचे वेगळेपण समजून घ्यावे लागते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून निघून गेले. सोयरिकी आणि बाजारहाट मात्र पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर चालूच राहिले. आपल्या दवाखान्यात एकाच सकाळी मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि उर्दू बोलणारी माणसे येतात. तेलुगू रीतीप्रमाणे घराण्याचे नाव आधी, मराठी रीतीप्रमाणे शेवटी. त्यात संगणकातले नाव इंग्रजी लिपीत. मराठी वळणाचा माणूस ‘त’ साठी नुसता टी लिहितो, तेलुगू वळणाचा टी-एच. ‘आत्राम’ हे आडनाव नदीपलीकडे एका प्रकारे लिहिले जाते, अलीकडे दुसऱ्या. संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी घराणी. विक्रेत्याने दोन दिवसांच्या प्रशिक्षणात हे सांगितले नाही, कारण त्याला ते माहीत असण्याचे कारण नव्हते. ते मला माहीत होते आणि मी ते सांगितले नाही. दोष यंत्राचा कमी, माझा अधिक होता.

त्यानंतर आम्ही नवे सॉफ्टवेअर घेतले नाही. आधी कागद सुधारला. पंधरा दिवस संगणक बाजूला ठेवून सिस्टर, कंपाउंडर, स्वागतकक्षातील मुलगा आणि मी असे रोज अर्धा तास बसलो. रुग्ण दारातून आत आल्यापासून औषध घेऊन बाहेर पडेपर्यंत कोण काय लिहितो आणि ते पुढे कोण वाचतो, याची यादी केली. जे कोणीच वाचत नव्हते असे बरेच रकाने निघाले; ते काढून टाकले. नावासोबत वडिलांचे अथवा पतीचे नाव, गाव आणि मंडल हे सक्तीचे केले. प्रत्येक रुग्णाला क्रमांकाचे छोटे कार्ड दिले. शोध आधी क्रमांकाने, मग मोबाईलने, शेवटी नावाने, असा क्रम ठरवला. मोबाईल बहुधा घरातल्या एकाचाच असतो, म्हणून त्यावरून संपूर्ण कुटुंब समोर येईल अशी रचना करून घेतली. औषधाची ॲलर्जी, सिकल सेल, मधुमेह आणि गर्भावस्था या चार गोष्टी पडद्याच्या माथ्यावर ठळक दिसतील असे केले. आणि सर्वात कठीण गोष्ट म्हणजे, औषधयोजना मी स्वतः संगणकात लिहू लागलो. पहिले दोन महिने माझा वेग निम्म्यावर आला, रुग्ण कुरकुरले, मीही चिडलो. पण नोंद करणारा आणि नोंद वाचणारा एकच झाल्यावर चुका आपोआप माझ्या डोळ्यांत खुपू लागल्या. रात्रपाळीच्या सिस्टरांना मागच्या भेटीची औषधे एका क्षणात दिसू लागली, तेव्हा ‘वीज गेली तरी यूपीएसवर हे चालू ठेवा’ असा आग्रह त्यांनीच धरला. त्या दिवशी संगणक आमचा झाला, असे मी मानतो.

हा केवळ लहान गावातील लहान दवाखान्याचा अनुभव नव्हे. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय या नामांकित रुग्णालयात संगणकावरून औषधयोजना लिहिण्याची यंत्रणा आणली गेली आणि डॉक्टरांच्या विरोधामुळे 2003 च्या आरंभी ती थांबवावी लागली. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने 2002 साली हाती घेतलेला देशव्यापी संगणकीकरणाचा प्रकल्प अब्जावधी पौंडांचा होता. 2011 मध्ये सरकारने तो मोडीत काढल्याचे जाहीर केले. पैसा, तंत्रज्ञ, यंत्रे, कशाचीच वाण नव्हती. आराखडा वर ठरला आणि ज्यांना तो रोज वापरायचा त्यांच्याशी बोलणे अपुरे पडले.

शेजारच्या महाराष्ट्रातील उदाहरण तर अधिक बोलके आहे. 2021 साली अंगणवाडी सेविकांना ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर नोंदी करण्यास सांगण्यात आले. ॲपची भाषा इंग्रजी, हातातले सरकारी मोबाईल अपुऱ्या क्षमतेचे आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हजारो सेविकांनी ते मोबाईल शासनाला परत केले. त्यांना तंत्रज्ञान नको होते असे कोणी म्हणू नये. त्याच सेविका घरी स्वतःचा मोबाईल सराईतपणे वापरत होत्या. माहिती त्यांनी भरायची, तिचा उपयोग वरच्यांनी करायचा, आणि त्रास तेवढा त्यांच्या वाट्याला, ही विभागणी त्यांना मान्य नव्हती. आपल्या दवाखान्यातील सिस्टर आणि कंपाउंडर मोबाईल परत करत नाहीत. ते मुकाट्याने अर्धवट नोंदी करतात, आणि ते आपल्याला फार उशिरा कळते.

यावर ‘आता आयुष्मान भारत डिजिटल मिशन आले आहे, चौदा अंकी आभा क्रमांक आहे, ओळखीचा प्रश्न सुटला’ असे कोणी म्हणेल. 2021 पासून देशभर लागू झालेल्या या योजनेचे मी स्वागत करतो. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या सिकल सेल निर्मूलन अभियानामुळे आपल्या आदिवासी भागातील मुलांच्या तपासण्याही होत आहेत. परंतु क्रमांक ही केवळ खुंटी आहे. तिच्यावर टांगलेली नोंद अपुरी असेल, तर अपुरेपणाच आदिलाबादहून हैदराबादपर्यंत वेगाने पोहोचेल. शिवाय माहिती रुग्णाची आहे, हे विसरून चालणार नाही. दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपावेत आणि मागितल्यास 72 तासांत द्यावेत, हा नियम 2002 पासून आहे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची जबाबदारी स्पष्ट केली. म्हणून करार करण्यापूर्वी विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘उद्या मी तुम्हाला सोडले, तर माझ्या रुग्णांच्या नोंदी मला वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील का?’ उत्तर टाळले गेले तर चहा पाजून निरोप द्यावा.

काही ज्येष्ठ व्यवसायबंधू म्हणतात, ‘आमचे रुग्ण आम्हाला तोंडओळखीने ठाऊक आहेत, आम्हाला यंत्र कशाला?’ या म्हणण्याचा मी आदर करतो, कारण त्या रात्री अशाच स्मरणशक्तीने मला तारले. दिवसाला पंधरा रुग्ण पाहणाऱ्याने नीट ठेवलेली वही अर्धवट संगणकापेक्षा कितीतरी चांगली. पण आपली स्मरणशक्ती आपल्याबरोबर निवृत्त होते. आपली मुले पुणे, हैदराबादला स्थिरावत आहेत. रुग्ण मात्र येथेच राहणार आहेत. त्यांचा इतिहास आपल्या डोक्यातून कागदावर आणि कागदावरून पुढच्या डॉक्टरपर्यंत कसा जाईल, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून संघटनेपुढे एक नम्र प्रस्ताव ठेवतो. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे याची चर्चा थोडी लांबणीवर टाकू या. त्याआधी आपण सर्वांनी मिळून एक पानाचा समान नमुना ठरवू या : नाव कोणत्या क्रमाने व कोणत्या स्पेलिंगने लिहायचे, गाव-मंडल कसे नोंदवायचे, माथ्यावर कोणत्या धोक्याच्या सूचना असायच्या. तो कागदावर वापरा, संगणकावर वापरा. पण बेल्याचा रुग्ण आदिलाबादला आला किंवा इंद्रवेल्लीचा रिम्समध्ये गेला, तर समोरच्या डॉक्टरला तो वाचता यावा. पुढच्या बैठकीस प्रत्येकाने आपल्या दवाखान्याचा एक कोरा केसपेपर आणावा आणि सोबत एका सिस्टरांना किंवा कंपाउंडरना आणावे. त्यांना आधी बोलू द्यावे. आपण ऐकावे.