दोष वाऱ्याचा नव्हे!

दिवाळी सरते, मुंबईच्या क्षितिजावर करडा पडदा उतरतो, वृत्तपत्रांत मथळे झळकतात आणि प्रशासन खडबडून जागे होते. जूनमध्ये पहिला पाऊस कोसळला की सारे कसे शांत! हा क्रम आता पंचांगात नोंदवावा इतका नियमित झाला आहे.

या चिंतेचे मूळ अतिसूक्ष्म कणांत आहे. अडीच मायक्रॉन वा त्याहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. काही रक्तातही उतरतात. दमा, हृदयविकार, पक्षाघात यांच्याशी त्यांचे नाते वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. भारताचे त्यासाठीचे वार्षिक मानक घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये आपली मर्यादा 5 वर आणली.

हे कण केवळ हिवाळ्यातच जन्मतात काय? मुळीच नाही. वाहनांचा धूर, कारखान्यांची धुराडी, भट्ट्यांतील लाकूड-कोळसा, जळता कचरा, बांधकामांची धूळ हे सारे बारमाही आहे. धुरातील गंधक व नत्राच्या वायूंपासूनही हवेतच नवे कण तयार होतात. पावसाळ्यात सरी त्यांना धुऊन काढतात आणि नैर्ऋत्येचे जोरदार वारे उरलेले उडवून लावतात. उन्हाळ्यात तापलेली हवा उंच चढते आणि कण विरळ होतात. हिवाळ्यात मात्र रात्री जमीन थंडावते, वर उबदार हवेचे झाकण बसते, खारे वारे उशिरा आणि दुबळे सुटतात. मग धूर जाणार कोठे? चूल तीच असते. ऋतू फक्त झाकण ठेवतो वा काढतो. 2022-23 च्या हिवाळ्यात वारे मंदावले तेव्हा काही दिवस मुंबईची हवा दिल्लीपेक्षाही वाईट ठरली, ती याचमुळे.

उपाययोजना मात्र झाकणाकडे पाहून होते. डिसेंबर 2024 मध्ये निर्देशांक 200 च्या वर गेल्याने भायखळा व बोरिवली पूर्व येथील बांधकामे थांबविण्यात आली. प्रसंगी हे आवश्यकच. पण तो ज्वरावरचा ओला पट्टा झाला, रोगावरचे औषध नव्हे. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही शहरांचे यशापयश मुख्यतः दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांवरून मोजले गेले. रस्त्यावर पाणी शिंपडले की धूळ बसते. ज्वलनातून निघणारे अतिसूक्ष्म कण त्याला दाद देत नाहीत.

दरवर्षी फटाक्यांवरून वाद रंगतो. त्यांचा धूर विषारी आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु दोन-चार दिवसांच्या धुरावर सारी चर्चा खर्ची पडावी आणि उरलेल्या वर्षाच्या धुराचा हिशेब कोणी मागू नये, हा कुठला न्याय?

हिवाळ्याची तयारी पावसाळ्यातच व्हावयास हवी. लाकूड-कोळशावरील भट्ट्या बदलण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा जानेवारी 2025 चा आदेश प्रत्येक गल्लीत उतरला पाहिजे. समाजाचेही कर्तव्य आहेच. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात पालापाचोळा पेटवायचा की त्याचे खत करायचे, थंडीत पहारेकऱ्याला शेकोटी पेटवू द्यायची की ऊबदार कपडे आणि निवारा द्यायचा, हे निर्णय मंत्रालयात होत नाहीत. वरुणराजाने चार महिने हवा स्वच्छ करून द्यावी आणि माणसाने आठ महिने ती मळवावी, असा करार निसर्गाने कधीच केलेला नाही.