मेलेल्या माणसाचा ओटीपी कोणाचा?

बँकेत आता चार नॉमिनी लावता येतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून तसा बदल झाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण ज्या फोनवरून ती बँक चालते, त्यातल्या ईमेलचा, फोटोंचा, ऑनलाइन खात्यांचा वारस कोण, हे आपल्या वारसाहक्काच्या एकाही कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही, याचा मला राग आहे.

मी लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरतो. त्यामुळे घरातलं माणूस गेलं की तेराव्यानंतर जे पहिले चार-पाच फोन होतात, त्यात एक मला येतो. पूर्वी मुलगा किंवा बायको पिशवी घेऊन यायचे. पासबुकं, एलआयसीच्या पॉलिस्या, एफडीच्या पावत्या. आता पिशवी नसते. हातात एक लॉक झालेला फोन असतो आणि प्रश्न असतो, "यांचा पॅटर्न काय असेल हो?" स्टेटमेंट मेलवर, म्युच्युअल फंड अ‍ॅपवर, शेअर डीमॅटमध्ये, लाइटबिलसुद्धा मेलवर. माणसाचं काय काय होतं, हेच मुळात कळायला मार्ग नाही.

मग घरचे काय करतात? तुम्ही-आम्ही जे करू तेच. बाबांचं सिम रिचार्ज करून चालू ठेवतात, ओटीपी घेतात, पासवर्ड बदलतात, पैसे वळते करतात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ वाचून बघा, हे सगळं त्यात आरामात बसवता येतं. एकोपा आहे तोवर कुणी बोलत नाही. भावाभावांत बिनसलं की तोच ओटीपी पोलीस स्टेशनात पोचतो. नवऱ्याचेच पैसे बघायला बाईनं चोरासारखं वागायचं!

सरळ मार्गानं जा म्हणाल, तर तो आहे कुठे? उत्तराधिकार कायदा १९२५ चा, हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट येणी आणि रोखे यांच्यासाठी असतं; ईमेल खातं हे येणंही नाही आणि रोखाही नाही. आपल्याकडचा वारस दाखला तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली निघतो. पेशवाई बुडून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. गावाकडं सातबाऱ्यावर वारसनोंद करायला तलाठ्याकडे जायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण इथं तलाठी कोण? एका कुटुंबासाठी मी मृत्यूचा दाखला, वारस दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर असं सगळं एका परदेशी कंपनीला पाठवलं होतं. नाव घेत नाही. चार महिने एकच छापील उत्तर येत राहिलं. त्या खात्यात अकरा वर्षांचे फोटो होते. शेवटी त्या घरानं नाद सोडला.

सरकारला हे कळत नाही, असं मात्र म्हणू नका. २०२२ च्या बजेटमध्ये क्रिप्टोची व्यवस्थित व्याख्या झाली, 'आभासी डिजिटल मालमत्ता' असं नाव ठेवलं, ३० टक्के कर लावला, वर १ टक्का टीडीएस. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर मृताचा कायदेशीर वारस म्हणून नोंद घरबसल्या होते, कारण गेलेल्या माणसाचं रिटर्न वारसानं भरायचं असतं. घ्यायची वेळ आली की मालमत्ताही सापडते आणि वारसही सापडतो.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कलम १४ आहे, त्यात नॉमिनी नेमायची सोय आहे, हे मला माहीत आहे. पण त्या नॉमिनीला मिळतं काय? माहिती मागायची, दुरुस्त करायची, पुसायची. मालकीबद्दल अवाक्षर नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बजावलंय. तो खटला कुणाच्या इस्टेटीचा होता? 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या. एवढ्या मोठ्या घरालाही तिथपर्यंत जावं लागलं.

"मृत्युपत्रात लिहून ठेवा" हा सल्ला मीही देतो. पण आयटी कायद्यानंच पहिल्या परिशिष्टात मृत्युपत्राला वगळलंय. म्हणजे डिजिटल मालमत्तेचं मृत्युपत्रही कागदावरच, दोन साक्षीदारांसह. त्यात पासवर्ड लिहिणार? तो तर दर दोन महिन्यांनी बदलतो.

कंपन्या करारावर बोट ठेवतात. अ‍ॅपलच्या आयक्लाउडच्या अटींत लिहिलंय की खातं हस्तांतरित होत नाही, मृत्यूनंतर त्यातले हक्क संपतात. पण त्याच वाक्यात आधी म्हटलंय, कायद्यानं वेगळं बंधन नसेल तर. म्हणजे कंपनीच सांगतेय, तुम्ही कायदा करा, आम्ही पाळू. जर्मनीत २०१२ मध्ये वारलेल्या मुलीचं फेसबुक खातं आईबापांना द्या, असा निकाल तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०१८ मध्ये दिला. पत्रं आणि डायऱ्या वारसाला मिळतात, मग हे का नाही, असा साधा विचार.

प्रायव्हसीचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. प्रत्येक माणसाचं बायकोपासून, मुलांपासून काहीतरी लपवलेलं असतं आणि ते त्याच्याबरोबर जाऊ द्यावं. खाजगी मेसेजबाबत मी जर्मनीइतकं पुढं जाणार नाही. ते मृतानं जिवंतपणी परवानगी दिली असेल तरच उघडावेत. पण पैसा, कागदपत्रं आणि फोटो आपोआप वारसाला मिळालेच पाहिजेत, आणि वारस दाखला दिल्यापासून ठरावीक दिवसांत. नाही दिलं तर दंड.

तोवर गूगलचं इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आणि अ‍ॅपलचं लेगसी कॉन्टॅक्ट आजच लावून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं. दिवाणी कोर्टात दोन वर्षांत किती तारखा पडतात, ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

मी आमच्या खासदारांना या मागण्यांचं पत्र पाठवलंय, कागदावर, स्पीड पोस्टानं. मसुदा हवा असेल त्यांनी मागा, देतो. खासदारांचं नाव तेवढं बदला.