जोड्या लावा, पण घरी

लगीनसराई सरली की खान्देशातल्या घराघरांत पत्रिकांचा एक गठ्ठा साचून राहतो. कागद जाड, वर गणपती, मागची बाजू पुष्कळदा कोरी. देवाचे चित्र आहे म्हणून कोणी फेकत नाही आणि कामाचे काही नाही म्हणून कोणी उघडतही नाही. हाच गठ्ठा घरातल्या चार-सहा वर्षांच्या पोरांना वाचनाच्या वाटेला लावू शकतो. एका पत्त्यावर चित्र, दुसऱ्यावर त्या वस्तूचे नाव, आणि पोराने दोन्हींची जोडी जुळवायची. खेळ एवढाच.

आता कोणी म्हणेल, हे काम मास्तरांचे, त्यासाठी त्यांना पगार मिळतो. आमचे म्हणणे असे की मास्तरांचे काम मास्तरांकडेच राहू द्या. पण आपल्या जिल्ह्यात दोन शिक्षकांवर चालणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळा पुष्कळ आहेत. एकच गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळतात, तेव्हा पहिलीतल्या एकेका पोराजवळ बसायला त्यांच्याकडे किती वेळ उरत असेल, याचा हिशेब शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. एका बैलजोडीने किती वावर वखरून होते, हे त्याला ठाऊक आहे.

खरी अडचण निराळीच आहे. घरोघरी माउल्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, “मले वाचता येत नही, मी पोराले काय शिकवू?” हे वाक्य असोद्यात तरी कोणी म्हणू नये. जळगावला लागून असलेल्या या गावात 1880 साली महाजनांच्या घरी बहिणाबाईंचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ओव्या रचायच्या त्या जात्यावर, शेतात, काम करता करता. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी त्या कागदावर उतरवून घेतल्या, म्हणून त्या राहिल्या. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या आणि 1952 साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून त्यांचेच नाव आहे. अक्षर न येणाऱ्या बाईजवळ शब्दांचे केवढे कोठार असू शकते, हे याहून अधिक कोणी काय सांगावे? पोराला वाचायला शिकण्याआधी शब्द लागतात, आणि ते आईकडे, आजीकडे पोत्याने असतात. उणीव असते ती शब्द आणि अक्षर यांची गाठ घालून देण्याची.

निरक्षर आईलाही हा खेळ घेता यावा अशी एक सोपी युक्ती आहे. चित्र आणि शब्द एकाच लांबट पत्रिकेवर काढा आणि मधोमध कात्रीने वेडेवाकडे कापा. प्रत्येक पत्त्याचा काप निराळा हवा. मग गाईच्या चित्राला ‘गाय’ हाच तुकडा बसेल, ‘नळ’ बसणार नाही. पोर चुकले की पत्ताच सांगेल. आईने फक्त पाहायचे आणि तोंडाने नाव घ्यायचे, “ही गाय.” नाव लिहून देण्यापुरते मोठ्या बहिणीला, अंगणवाडी सेविकेला किंवा गुरुजींना बसवावे. कापाची ओळख झाली की पोर अक्षराकडे न बघता काप बघूनच जोड्या लावते. पोरं हुशार असतात, बरं का. तेव्हा आठ-पंधरा दिवसांनी सरळ कापलेले पत्ते काढावेत आणि जोडीच्या दोन्ही पत्त्यांच्या मागे एकसारखी खूण करावी. जोडी लावून झाल्यावरच पत्ते उलटून खूण पाहायची.

सुरुवात तीनच जोड्यांनी करावी. वीस पत्ते एकदम पुढे टाकले तर पोर गोंधळते आणि उठून जाते. आधी चित्राला चित्र जुळवू द्या, दोन गाई, दोन बैलगाड्या. मग चित्राखाली नाव लिहिलेला पत्ता, आणि त्यावर तेच नाव असलेला कोरा पत्ता ठेवायचा. शेवटी नाव निराळे, चित्र निराळे. पहिल्या तीन शब्दांचे रूप एकमेकांपासून दूर असावे. ‘नळ’, ‘गाय’, ‘कपाशी’ असे घेतले तर पोराला फरक झटकन दिसतो. ‘गाय’ आणि ‘माय’ पहिल्याच दिवशी शेजारी ठेवू नयेत. महिन्याभराने मात्र मुद्दाम ठेवावेत, कारण तेव्हा पोराला पहिल्या अक्षराकडे पाहावेच लागते. खरे वाचन सुरू होते ते इथे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्या तर मोठ्यांनाही चकवतात. त्यांची गाठ सर्वांत शेवटी घालावी.

एक धोका सांगून ठेवतो. पोर ‘कपाशी’ हा शब्द ओळखते म्हणजे ते वाचते असे नव्हे. कधी त्या पत्त्यावर तेलाचा डाग असतो आणि ते डागाला ओळखते. म्हणून तोच शब्द दुसऱ्या कागदावर, भिंतीवर खडूने, धुळीत काडीने लिहून पाहावा. ओळखला तर शब्दाचे तुकडे करावेत. ‘क’ कुठे, ‘पा’ कुठे, ‘शी’ कुठे. ‘कढई’तला ‘क’ आणि ‘कपाशी’तला ‘क’ एकच, हे पोराला स्वतःहून सापडले की पत्त्यांचे निम्मे काम झाले. पुढचे काम शाळेतल्या पुस्तकाचे.

आता चित्रे कोणती काढावीत? बाजारात छापील पत्ते मिळतात, रंगीत आणि गुळगुळीत. त्यात आय म्हणजे इग्लू असतो. आपल्या पोराने बर्फ पाहिला तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर, त्याला बर्फाचे घर कशाला? मराठी तक्त्यावरही अ अननसाचा असतो. केळीच्या जिल्ह्यात पोराच्या हाती अननस कितीदा येतो? आपण केळीचा घड काढावा, भरताचे वांगे काढावे, कपाशीचे बोंड, पांभर, वखर, पाटा-वरवंटा काढावा. चित्र वेडेवाकडे आले तरी चालते. जुनी बालभारतीची पुस्तके, बियाण्याच्या पिशव्या, कॅलेंडरची पाने यांवरची चित्रे कापून गव्हाच्या खळीने चिकटवली तरी काम भागते.

नाव कोणते लिहावे, यावर वाद होईल. आपल्याकडे गिलके, पुस्तकात घोसाळे. आपल्याकडे रब्बीची दादर, पुस्तकात ज्वारी. दादर म्हटले की मुंबईकराला रेल्वेचे स्टेशन आठवते. जळगावकडे लेवा बोली, धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल आणि पावरा समाजाच्या बोली. आमचे स्पष्ट मत असे की पहिला पत्ता घरातल्या शब्दाचा असावा. पोराच्या तोंडी जे आहे तेच त्याला कागदावर दिसले पाहिजे, तरच लिहिणे म्हणजे बोलणेच आहे हे त्याला उमगते. पुस्तकी शब्द त्याच पत्त्याच्या मागे लिहावा आणि नंतर शिकवावा. ‘गिलके’ म्हणणाऱ्या पोराला ‘चूक, घोसाळे म्हण’ असे सांगितले की ते पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. आपली बोली शाळेत चालत नाही, ही समजूत सहाव्या वर्षी पक्की झाली तर पुढे दहावीपर्यंत ती निघत नाही.

घरच्या वस्तूंनी शिकवण्याची ही चाल नवी नाही. कोमेनियस नावाच्या शिक्षकाने 1658 साली चित्र आणि शब्द शेजारी ठेवून मुलांचे पुस्तक काढले होते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसोरीची महागडी साधने आदिवासी पाड्यात कुठून आणणार? म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे वापरले आणि शाळाच पोरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. 1975 साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो शब्द सरकारदरबारी गेला. शब्द राहिला, पण साधने गावात बनवण्याची सवय मात्र पुष्कळ ठिकाणी मागे पडली. आता संच वरून येण्याची वाट पाहतात, आणि आला की तो कपाटात कुलूपबंद, कारण हरवला तर जाब कोण देणार! पत्रिकेच्या पत्त्याला हा धाक नाही. फाटला तर दुसरा.

सर्वांत जास्त गरज आहे ती साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना. चाळीसगावकडून, धुळे-नंदुरबारकडून दिवाळीच्या सुमारास माणसे निघतात आणि पोरांची शाळा मागे राहते. परत येईपर्यंत जे आले होते तेही पुसले जाते. तीस-चाळीस पत्ते पत्र्याच्या डब्यात घालून बोचक्यात टाकले तर कोपीतही रोज दहा मिनिटे खेळ होऊ शकतो. त्याला वीज लागत नाही, मोबाईलची रेंज लागत नाही.

सरपंच आणि ग्रामसेवक (2024 च्या निर्णयानंतर ग्रामपंचायत अधिकारी) यांनाही दोन शब्द. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून कात्र्या, स्केचपेन आणि चिकटपट्टी एवढे घेतले तरी गावभरच्या पत्त्यांना पुरेल. गावातल्या सातवी-आठवीच्या पोरी सुट्टीत एका दुपारी पन्नास जोड्या लिहून देतील. पत्रिका जमा करायला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक खोके ठेवा. 1 मेच्या ग्रामसभेला बाया येतात, तेव्हा तयार संच वाटावेत आणि खेळ कसा घ्यायचा ते तिथेच एकदा दाखवावे. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत दीड महिना हातात राहतो.

पत्रिका कापताना गणपतीचा भाग तेवढा बाजूला काढून ठेवावा, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांची हरकत येणार नाही.