‘आवाज येता, माणसा खंय गेली?’

गेल्या चतुर्थीच्या चार दिवस आधी आमचा टीव्ही काळा पडला. सीरियल सुरू, डायलॉग ऐकू येतायत, पण स्क्रीनवर अमावास्या. आजीने विचारलं, ‘‘आवाज येता, माणसा खंय गेली?’’

माणसं तिथेच होती. मोबाइलची टॉर्च तिरकी मारली की पुसट दिसायची. गेला होता तो मागचा बॅकलाइट. टीव्हीचं वय पंधरा महिने, वॉरंटी बारा महिन्यांची!

हा टीव्ही घ्यायचा हट्ट माझाच. बाबांना कुडाळच्या दुकानातला ३२ इंची हवा होता. मी ऑनलाइन सेलमध्ये तेवढ्याच पैशांत ४३ इंची दाखवला. ‘फोर-के, एचडीआर’ वगैरे. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेल, हे मला पाठ होतं. पण बॅकलाइटच मंद असेल तर एचडीआर नावापुरतंच, हे माहीत नव्हतं. त्यात आजी बघते डिशवरचे साधे एसडी चॅनेल. ते मोठ्या स्क्रीनवर ताणले की उलट धुरकटच दिसतात.

कस्टमर केअरला फोन केला, तर उत्तर आलं, ‘आपल्या भागात सर्व्हिस उपलब्ध नाही.’ म्हणजे टीव्ही पोचवायला ४१६६०६ हा पिनकोड चालतो, मेकॅनिक पाठवायला चालत नाही?

‘स्वस्तात घेतलं की असंच होणार,’ असं बरेच जण म्हणाले. मला हे पटत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्यासारख्या घरात आवकही बंद. बजेट बघून घेणं ही चूक नाही. न विचारता घेणं ही माझी चूक, आणि जिथे दुरुस्ती देता येत नाही तिथे माल विकणं ही कंपनीची.

किनाऱ्यावर तर हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. खारी हवा सर्किटला गंज लावते, पावसात व्होल्टेज वरखाली होतं. २०२१ च्या तौक्ते वादळानंतर इथली कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. म्हणून इंच मोजण्याआधी कस्टमर केअरला फोन करा, पिनकोड सांगा, जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे ते विचारा. पॅनलची वॉरंटी किती, तेही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. वाचलेले पैसे स्टॅबिलायझरला घाला. घरी आल्यावर ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून बॅकलाइट कमी ठेवा, तो जास्त टिकतो. विजा चमकल्या की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा.

वॉरंटीत असूनही कोणी दाद देत नसेल, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या कायद्यानुसार राहत्या जिल्ह्यातल्याच ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही.

आमच्या टीव्हीची एलईडी पट्टी शेवटी बाजारातल्या मेकॅनिककाकांनी बदलली, पण गणपती गेल्यावर. आता टीव्ही लावण्याआधी आजी मलाच विचारते, ‘‘आज माणसा दिसतली मां?’’