शाळूचा हिरवेपणा कधी पाहायचा?

पेरणीनंतर दीड महिन्यानं बांधावर उभं राहून शाळू पाहिला, की गर्द हिरवं, रुंद पानांचं पीक डोळ्यांत भरतं. शिवारफेऱ्याही बहुधा त्याच सुमाराला निघतात. मला विचाराल तर ही वेळच चुकीची आहे.

रब्बी ज्वारी ही मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. परतीचा पाऊस गेला की पुढची सगळी मदार त्या शिलकीवर. पीक लहान असतानाच पानं माजली, तर तेवढंच पाणी पानांवाटे उडून जातं आणि दाणा भरायच्या वेळी भेगाळलेल्या रानात उरतं काय? मग कणीस धाटातली साखर ओढून घेतं, धाट दुबळं होतं, त्यात खडखड्याची बुरशी शिरते आणि पीक आडवं. दाणा चिमलेला, कडबाही हलका. जनावरांच्या दावणीला त्याचा फटका दाण्याइतकाच बसतो.

ज्वारीकडे तोंड द्यायला हत्यारं बरीच आहेत. मुळं खोल जातात, पानावर पांढरी मेणचट लव असते, ऊन तापलं की पान गुंडाळतं. पण शास्त्रज्ञांनी सगळ्यांत जास्त अभ्यासलेला गुण म्हणजे फुलोऱ्यानंतर ताण पडला तरी पानं हिरवी राहणं. इथिओपियातल्या वाणापासून आलेल्या बी-३५ या वाणात तो ठळक सापडला. असं झाड आधी फुटवे कमी करतं, पानं आटोपशीर ठेवतं आणि ती ओल दाण्यासाठी राखतं. आपल्या आजीबाई कणगीतलं धान्य पुरवत, तसाच हा प्रकार!

मोहोळला १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ३५-१ अजून टिकून आहे तो उगाच नाही. पण तोही सगळ्या रानांचा नव्हे. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा अशी विभागणी केली आहे. तरी आपण दुकानात जाऊन "चांगलं बियाणं द्या" म्हणतो. आधी रानात पहार मारून माती किती खोल आहे ते तर बघा! हात-दीड हातावर मुरूम लागत असेल, तर भारी रानाचा उशिरा पिकणारा वाण तिथं उपाशी मरणार. कोरडवाहूत उभ्या पिकाला युरिया फेकून पानं वाढवण्याची हौसही सोडा. त्यापेक्षा आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं चालवून भेगा बुजवा.

घरचं बी धरणाऱ्यांसाठी एक सांगतो. दाणे भरत असताना, जानेवारीत, रानात शिरा. खालची पानं अजून हिरवी आणि कणीसही भरदार, अशा ताटांना चिंधी बांधा. कणीस पोकळ असेल तर ताट आपसूकच हिरवं राहतं, ते घेऊ नका. विहिरीच्या पाझराजवळची, बांधालगतची आणि विरळ जागेतली ताटंही सोडून द्या, त्यांना पाणी जास्त मिळालेलं असतं.