बाबागाडी घ्यावी की न घ्यावी?

पहिले बाळ येणार म्हटले की घरात वस्तूंची यादी सुरू होते, आणि हल्ली त्या यादीत बाबागाडी हमखास असते. पूर्वी ती शहरातल्या बागांतच दिसायची. आता साकोली तालुक्यातल्या आमच्या सानगडीसारख्या गावातही अकीक्याला मामा-मावशी, काका-फुफी मिळून पैसे काढतात आणि नागपूरहून किंवा मोबाइलवरून मोठी गाडी मागवतात. देणाऱ्यांची माया खरी असते, त्यात शंका नाही. पण चार महिन्यांनी त्याच घरी जाऊन पाहावे, तर बहुतेक वेळा गाडीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो आणि बाळ दादीच्या कडेवर.

मग गाडी वाया गेली का? काही घरांत हो, काही घरांत मुळीच नाही. आमच्या घरात पूर्ण आकाराची एक बाबागाडी वर्षभर रोजच्या वापरात आहे. तिचा अनुभव जमेस धरून ही गाडी कोणाच्या कामाची, कोणाच्या नाही, आणि घ्यायचीच तर काय तपासावे, हे या महिन्यात मांडत आहोत.

आधी ही वस्तू कोठून आली ते पाहू, म्हणजे तिच्या मर्यादा कळतात. मुलांना बसवायची पहिली प्रसिद्ध गाडी १७३३ मध्ये इंग्लंडात विल्यम केंट या उद्यानकाराने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी तयार केली. म्हणजे ती जन्मली सरदाराच्या बागेत, सपाट वाटांवर. पुढे सुमारे २३० वर्षांनी ओवेन मॅक्लारेन या विमान-अभियंत्याने छत्रीसारखी घडी होणारी हलकी गाडी बनवली. तिचे वर्ष १९६५. प्रवासात मोठी गाडी उचलून नेणे किती जड जाते, हे ओळखून काढलेला तो तोडगा होता. आजही बाजारात हेच दोन प्रकार आहेत : मोठी, मजबूत, पाठ पूर्ण मागे झुकणारी गाडी, आणि हलकी, घडीची. आपल्याकडे भेट म्हणून दिली जाते ती बहुधा पहिली, कारण ती दिसायला भारदस्त असते.

आता तिला आपल्या गावाच्या कसोटीवर लावू.

पहिली कसोटी रस्त्याची. दुकानदार रिकामी गाडी गुळगुळीत फरशीवर एका बोटाने ढकलून दाखवतो. आपल्या गल्लीत कुठे सिमेंटचा रस्ता, कुठे गट्टू, मध्येच उघडी नाली, गतिरोधक, आणि पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतून ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल. अशा ठिकाणी सगळे चाकावर ठरते. लहान, कडक प्लास्टिकचे चाक गट्टूच्या फटीत अडकते आणि गाडी पुढे कलंडू पाहते. मोठे, रबरी आवरणाचे चाक तीच फट सहज ओलांडते. पुढची चाके गोल फिरणारी असली तर वळणावर सोयीची, पण खडबडीत वाटेवर ती सरळ ठेवून अडकवता आली पाहिजेत. या बाबतीत मोठी गाडी छत्रीच्या गाडीपेक्षा निश्चित सरस ठरते. आमची गाडी सिमेंटच्या रस्त्यावर आणि गट्टूवर बिनतक्रार चालते. चिखलात मात्र ती चालत नाही, आणि पावसाळ्यातले बरेच दिवस ती घरातच असते.

दुसरी कसोटी दाराची आणि उंबरठ्याची. आमच्या गाडीची रुंदी साठ सेंटिमीटरच्या आसपास भरली. ओसरीच्या दारातून ती जाते, आतल्या खोलीच्या अरुंद दारातून जात नाही. वजन बारा किलो. बाळ आठ-नऊ किलोचे झाले की दोन्ही मिळून वीस किलोंचा भार उंबरठ्यावरून आणि ओसरीच्या पायऱ्यांवरून उतरवायचा. हे कोण करणार? सिझेरियन झालेल्या आईला डॉक्टर सुरुवातीचे काही आठवडे बाळापेक्षा जड काहीही उचलू नको म्हणून बजावतात. म्हणजे जिच्यासाठी गाडी घेतली, तिलाच ती घराबाहेर काढता येत नाही. खरेदीपूर्वी दाराची रुंदी टेपने मोजावी, पायऱ्या मोजाव्यात, आणि गाडी रोज बाहेर काढणारा माणूस कोण हे ठरवावे. ओसरीवरच ती ठेवायला जागा असेल तर अर्धी अडचण मिटते.

तिसरी कसोटी प्रवासाची. साकोलीला मुलांच्या डॉक्टरकडे किंवा भंडाऱ्याला नातेवाइकांकडे जायचे तर आपण एसटीने जातो, नाहीतर मोटारसायकलने. भरलेल्या एसटीत मोठी गाडी चढवणे जमण्यासारखे नाही, आणि मोटारसायकलचा तर प्रश्नच नाही. तेव्हा ‘प्रवासात उपयोगी पडेल’ हे कारण यादीतून खोडून टाकावे. स्वतःची चारचाकी असलेल्या घराची गोष्ट वेगळी, पण तिथेही डिकीचे माप घ्यावेच. प्रवास हीच गरज असेल तर घडीची हलकी गाडी किंवा छातीशी बाळ बांधायची चांगली पिशवी जास्त कामाची.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची, बाळाच्या सुरक्षिततेची. सरकारी लसीकरणासाठी बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आरोग्य केंद्रात न्यावे लागते. त्या वयात बाळाची मान सावरलेली नसते. बसवायच्या गाडीत ठेवले तर मान पुढे पडते आणि श्वास अडू शकतो. म्हणून आधाराशिवाय बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, पाठ जवळजवळ सपाट होत असेल तरच गाडी वापरावी. बसू लागल्यावरही पट्टा पाचही ठिकाणी लावावा : दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. ‘एवढ्याशा अंतरासाठी कशाला’ म्हणून पट्टा सोडू नये. नाली एवढ्याशा अंतरावरच असते. गाडी थांबली की प्रत्येक वेळी ब्रेक लावावा, सपाट जागेवरसुद्धा. बाळ गाडीतच झोपले तर घरी पोहोचल्यावर त्याला काढून सपाट अंथरुणावर पाठीवर निजवावे.

दोन चुका फार घरांत दिसतात. एक, आठवडी बाजारातून येताना भाजीची पिशवी दांड्याला अडकवणे. बाळ आत असेपर्यंत तोल राहतो. त्याला उचलले की पिशवीच्या ओझ्याने गाडी मागे उलटते, आणि बाळ आतच असेल पण पिशवी जड असेल तर त्याच्यासकट उलटते. सामान खालच्या टोपलीतच ठेवावे. दुसरी चूक उन्हाळ्यातली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या जवळ जातो. ऊन लागू नये म्हणून आया छतावरून ओढणी किंवा दुपट्टा पूर्ण खाली सोडतात. सावली मिळते, पण आतली हवा कोंडते आणि तापते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजून पाहिले : कोरडे कापड टाकल्यावर आतले तापमान बाहेरच्यापेक्षा वाढले, ओले पातळ कापड आणि सोबत लहान पंखा ठेवला तेव्हा ते कमी झाले. आमचा सल्ला याहून साधा आहे. दुपारी बाळाला बाहेर काढूच नये. असरच्या नमाजीनंतर, ऊन उतरल्यावर न्यावे, आणि गाडीच्या बाजू उघड्या ठेवाव्यात.

एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगावी लागते. बाबागाडी आणि बाळाला आत उभे करून चालवायचा वॉकर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वॉकर स्वस्त म्हणून भेटीत फार येतो. त्याच्यामुळे मूल लवकर चालायला शिकत नाही, उलट पायरीवरून कोसळण्याचा आणि चुलीपर्यंत पोहोचण्याचा धोका वाढतो. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. बाबागाडी परवडत नाही म्हणून वॉकर, असा पर्याय कोणी काढू नये. बाळाला स्वच्छ चटईवर मोकळे सोडणे हाच त्याला चांगला पर्याय आहे.

एवढे ऐकल्यावर कोणी विचारेल, मग तुमच्या घरात ती रोज का वापरता? कारण आमच्या घरात तिची गरज आहे. दादींचे गुडघे दुखतात. नातवाला कडेवर घेऊन त्या दहा पावलेही चालू शकत नाहीत. घरातले पुरुष दिवसभर बाहेर असतात. गाडी आल्यापासून रोज संध्याकाळी सून आणि सासू मिळून बाळाला घेऊन किल्ल्याच्या बाजूने एक फेरी मारतात. बाळाला हवा मिळते, दादींना सोबत मिळते, आणि बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने चार भिंतींत राहिलेली सून चार बायकांशी बोलून येते. हा शेवटचा फायदा कोणत्याही दुकानाच्या माहितीपत्रकात लिहिलेला नसतो, पण आम्हाला तोच सर्वांत मोठा वाटतो. दादींनी मात्र दांड्यावर भार टाकून चालू नये, गाडी काठीसारखी स्थिर नसते. दांडा सुनेच्या हातात असावा.

गावात टोमणेही ऐकू येतात. कोणी म्हणते, ‘आमची पोरे कडेवर वाढली, यांना गाडी लागते.’ कडेवर घेण्याचे मोल आम्हीही जाणतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपली नात उमामा (रजि.) हिला नमाजीतही उचलून घेतले होते. सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवत आणि उभे राहताना पुन्हा उचलून घेत, हे बुखारीच्या हदीसमध्ये आले आहे. मुलाची जागा माणसाच्या अंगाशी आहे, यावर याहून मोठा दाखला कोणता? गाडी ही त्या मायेला पर्याय नाही. ती दुखऱ्या हातांना आणि गुडघ्यांना विसावा आहे. बाळ रडले की त्याला गाडीतून उचलून घ्यायचेच असते.

आता पैशाची बाजू. साध्या गाड्या चार-पाच हजारांत मिळतात, मोठ्या आठ-दहा हजारांच्या पुढे जातात. सूरह अल्-फुरकानच्या ६७ व्या आयतीत अल्लाहच्या दासांची ओळख सांगताना उधळपट्टी आणि कंजूषपणा या दोहोंच्या मधला मार्ग सांगितला आहे. ज्या घरात गाडी रोज बाहेर पडेल, तिथे हा खर्च इस्राफ नाही. जिथे ती शेजाऱ्यांना दाखवायला घेतली जाते, तिथे दोन हजारांची गाडीही इस्राफ आहे. व्याजाच्या हप्त्यावर तर ती कदापि घेऊ नये. बाळाची पहिली सवारी व्याजावर आणण्यापेक्षा दादीची मांडी हजारपट बरी. आणि निर्णय नवरा-बायकोने बसून, एकमेकांशी बोलून घ्यावा. सूरह अल्-बकराच्या २३३ व्या आयतीत बाळाचे दूध सोडवण्याचा निर्णयसुद्धा आईबापांनी परस्पर संमतीने आणि सल्लामसलतीने घ्यावा असे सांगितले आहे. मग गाडी ढकलणार आई आणि पसंत करणार भलताच कोणी, असे का व्हावे?

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत जवळचा. मूल तीन वर्षांचे झाले की सुमारे चौदा किलोंचे होते, आणि बऱ्याच गाड्यांची मर्यादा पंधरा किलो असते. म्हणजे एका मुलासाठी गाडीचा उपयोग फार तर अडीच-तीन वर्षांचा. त्यानंतर ती माळ्यावर जाते आणि शेजारच्या घरात नवी येते. सूरह माऊनमध्ये नित्याच्या वापरातल्या वस्तू दुसऱ्याला देण्यास नकार देणाऱ्यांची कडक शब्दांत निंदा आहे. भाष्यकारांनी तिथे भांडे, बादली, कुऱ्हाड अशी उदाहरणे दिली आहेत. आजच्या मोहल्ल्यात त्या यादीत बाबागाडी का नसावी? अकीक्याला पाच घरांनी पाच गाड्या देण्याऐवजी एक चांगली गाडी घ्यावी आणि ती घरोघर फिरावी. नियम साधे ठेवावेत : परत देताना कापड धुऊन द्यावे, मोडतोड झाली तर ज्याच्याकडे मोडली त्याने दुरुस्त करून द्यावी, आणि घेणाऱ्याने तिला अमानत समजावे.

अशी वापरलेली गाडी घेताना, किंवा नवी घेतानाही, एक परीक्षा करावी. दहा किलो तांदळाची पिशवी आसनावर ठेवून पट्टा लावावा. गाडी उतारावर उभी करून ब्रेक दाबावा आणि हात सोडावा. तसूभरही सरकली तर घेऊ नये. मग पिशवीसकट ती उंबरठ्यावरून न्यावी, घडी घालून पुन्हा उघडावी, आणि उघडल्यावर खटका पक्का बसतो का ते पाहावे. पट्ट्याची शिवण ओढून पाहावी, चाके हलवून पाहावीत. घडीच्या सांध्यात बाळाचे बोट अडकेल अशी उघडी फट नसावी, आणि घडी घालताना-उघडताना मूल जवळ नसावे.

आमचा कौल असा : दार रुंद, ओसरीवर जागा, समोर बरा रस्ता, आणि घरात कडेवर घेणारे हात थकलेले, अशा घराने मोठी बाबागाडी जरूर घ्यावी, शक्य तर मोहल्ल्यात मिळून. यांपैकी दोन गोष्टी जरी नसल्या तरी ते पैसे बाळंतिणीच्या खाण्यापिण्यावर आणि बाळाच्या औषधपाण्यावर खर्च करावेत. आणि ज्यांच्या घरात गाडी माळ्यावर पडून आहे, त्यांनी हा अंक वाचून झाल्यावर ती खाली काढावी, धुवावी आणि गल्लीत नुकतेच कोणाकडे बाळ आले आहे याची चौकशी करावी. अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांना सुरक्षित ठेवो. आमीन.